हिंवताप आणि हिशेब

अंबरनाथचें प्राचीन शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इसवी सन १०६० त उभें राहिलें. त्याच्या पायथ्याशीं वाहणारी वालधुनी नदी पुढें उल्हासनगरांतून कल्याणकडे जाते. आणि थोड्याच अंतरावर, बदलापुराशेजारून, उल्हास नदीही त्याच दिशेस वाहते. सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या ह्या तीन गांवांना पावसाळ्यांत तरी पाण्याची वाण नाहीं. माणसांचीही नाहीं. १९४९ सालीं ज्या निर्वासितांच्या छावणीस ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें, तेथें सिंधमधून आलेलीं कुटुंबें लष्कराच्या रिकाम्या बराकींतून दिवस काढीत होतीं. २०११ च्या जनगणनेंत त्याच उल्हासनगरची लोकसंख्या पांच लक्षांवर, अंबरनाथची अडीच लक्षांवर आणि कुळगांव-बदलापूरची पावणेदोन लक्षांच्या आसपास भरली. जेथें पाणी आणि माणूस अशीं एकत्र येतात, तेथें हिंवतापाचा प्रश्न कधींना कधीं दारांत उभा राहतोच.

पावसाळा लागून महिना लोटला, कीं तिन्ही गांवांतून एकच तक्रार ऐकूं येते: डांस फार झाले. तक्रार करणाराचें बोट बहुधा नाल्याकडे वळतें. नाला काळा, त्याला दुर्गंधी, त्यावर डांसांचे थवे. तेव्हां हिंवतापाचें मूळही तेथेंच, असा सोपा हिशेब मांडला जातो. ‘मलेरिया’ ह्या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. म्हणजे ही समजूत केवळ ह्या भागाची नव्हे. परंतु नाल्याच्या घाण पाण्यांत वाढणारा डांस बहुतांशीं क्यूलेक्स जातीचा असतो. तो झोप मोडतो, हत्तीरोगही पसरवितो. माणसाला हिंवताप मात्र तो देत नाहीं. तें काम ॲनॉफिलिस डांसाच्या मादीचें. शहरांतून हिंवताप पसरविणारी तिची मुख्य जात, ॲनॉफिलिस स्टीफेन्सी, स्वच्छ व संथ पाणी शोधते: विहीर, गच्चीवरील उघडी टांकी, न्हाणीघरांतील पिंप, बांधकामावर साठविलेलें पाणी. ज्या घरीं नळाला ठराविक वेळींच पाणी येतें आणि म्हणून तें भरून ठेवावें लागतें, त्या घराच्या काटकसरीचाच ती फायदा घेते. केवळ डोळ्यांना दिसतें आणि नाकाला जाणवतें त्यावर विसंबून मोहीम चालविली, तर औषध नाल्यांत पडतें आणि रोग टांकींत वाढतो. खरा शत्रु कोठें आहे, हें मोजल्यावांचून कळत नाहीं.

अशा मोजणीचा एक जुना धडा मुंबईनेंच दिलेला आहे. डॉ. चार्ल्स बेंटली ह्यांनीं मुंबई शहरांतील हिंवतापाची पाहणी करून १९११ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळीं सर्वांचें रक्त तपासणें शक्य नव्हतें. म्हणून मुलांचीं पोटें चांचपून प्लीहा वाढली आहे कीं नाहीं, हें पाहत. वारंवार हिंवताप आलेल्या मुलाची प्लीहा वाढते. तेव्हां शंभर मुलांत किती जणांची प्लीहा वाढलेली आढळली, हा आंकडा त्या वस्तींतील रोगाचें माप ठरे. एका बाजूस रोगाचें असें माप आणि दुसऱ्या बाजूस डांसांच्या अळ्यांचा शोध, हीं दोन टिपणें शेजारीं-शेजारीं ठेवलीं, तेव्हां दोष विहिरींकडे गेला. विहिरी झांका किंवा बुजवा, असा उपाय पुढें आला आणि त्यावर वाद माजला. कारण विहिरीच्या पाण्याशीं अनेक पारशी व हिंदु कुटुंबांच्या धर्मभावना निगडित होत्या. १९२८ सालीं गॉर्डन कॉव्हेल ह्यांना मुंबईंतील हिंवतापावर पुन्हां अहवाल लिहावा लागला, आणि विहिरी व टांक्या हा विषय तेव्हांही संपलेला नव्हता. आंकडा सत्य सांगतो. तो आपण होऊन विहिरीवर झांकण घालीत नाहीं.

शत्रूचें घर सांपडलें, तरी दुसरा प्रश्न उरतोच: सारे डांस मारणें मनुष्याच्या हातीं आहे काय? सर रोनाल्ड रॉस ह्यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला, आणि ह्याच कार्याबद्दल त्यांना १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याच सुमारास लाहोरजवळील मियां मीर छावणींत डांसांविरुद्ध जी मोहीम निघाली, तिला अपेक्षित यश आलें नाहीं. तेव्हां पुष्कळ अधिकारी म्हणूं लागले, कीं डांस मारण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. एक डबकें कोरडें करावें, तर शेजारच्या शेतांतून नवे डांस येतात. रॉस ह्यांनीं ह्या निराशेला उत्तर दिलें तें गणितानें. मॉरिशस बेटासंबंधींच्या १९०८ सालच्या अहवालांत आणि पुढील ग्रंथांत त्यांनीं रोगाची चाल समीकरणांत मांडली. किती माणसें आजारी आहेत, त्यांना किती डांस चावतात, त्यांपैकीं किती जगतात आणि पुन्हां किती निरोग्यांना चावतात, अशा प्रश्नांचीं उत्तरें संख्यांनीं देऊन रोगाचा प्रवास कागदावर उभा करावयाचा. ह्यासच आज शास्त्रज्ञ गणिती प्रतिमान म्हणतात.

त्या गणितांतून निघालेला निष्कर्ष सामान्य गृहस्थासही समजण्याजोगा आहे. समजा, एका रोग्यापासून सरासरीनें दोन नवे रोगी होतात. तर एकाचे दोन, दोहोंचे चार, असें करीत दहाव्या फेरीस एक हजार चोवीस होतील. आतां डांस इतके कमी केले, कीं दहा रोग्यांपासून आठच नवे रोगी होतात. मग शंभरांचे ऐशीं, ऐशींचे चौसष्ट, अशी उतरण लागते आणि दहाव्या फेरीस शंभरांचे सुमारें अकरा उरतात. पुढें रोग स्वतःच्याच गतीनें विझत जातो. म्हणजे शेवटचा डांस मारण्याची गरज नाहीं. एकापासून एकाहून कमी, एवढी मर्यादा गांठली म्हणजे पुरे. ती मर्यादा प्रत्येक गांवीं निराळी असते, आणि ती कोठें आहे हें सांगण्यासाठींच आंकडे हवेत.

जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्यांनीं १९५० च्या दशकांत हें गणित आणखी पुढें नेलें आणि डांसाच्या आयुष्याकडे लक्ष वेधलें. डांस रोग्याला चावला, म्हणजे लागलीच दुसऱ्यास रोग देतो असें नाहीं. जंतु त्याच्या शरीरांत पक्व होण्यास उबदार हवेंतही सुमारें दहा दिवस लागतात. तोंपर्यंत डांस जगला तरच तो घातक. रोज शंभरांतील नव्वद डांस जगत असतील, तर दहा दिवसांनीं पस्तीस उरतात. रोज ऐशीं जगत असतील, तर सुमारें अकरा. आणि सत्तरच जगत असतील, तर अवघे तीन. रोजच्या जगण्यांतील थोडासा फरक दहाव्या दिवशीं केवढा होतो, हें ह्यावरून दिसेल. रक्त पिऊन भिंतीवर विसावणाऱ्या डांसास तेथेंच विष लागावें, ह्या फवारणीमागील मर्म हेंच. मुंबई इलाख्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन् ह्यांनीं १९४६ च्या सुमारास कानडा व धारवाड जिल्ह्यांच्या खेड्यांतून डी. डी. टी. ची जी फवारणी केली, तिनें ह्या मार्गाचा गुण देशास दाखवून दिला.

त्यानंतरची कथा उत्साहाची आहे आणि सावधगिरीचीही. १९४७ च्या सुमारास देशांत दरवर्षीं साडेसात कोटि लोकांना हिंवताप होतो व आठ लक्ष लोक त्यानें मरतात, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ सालीं त्याचें निर्मूलन कार्यक्रमांत रूपांतर झालें आणि १९६५ च्या सुमारास नोंदलेल्या रोग्यांची संख्या एक लक्षावर उतरली. रोग संपला असें वाटूं लागलें. परंतु १९७६ सालीं ही संख्या चौसष्ट लक्षांवर गेली. डांस डी. डी. टी. ला दाद देईनासे झाले, औषधांचा पुरवठा अपुरा पडला, वाढत्या शहरांकडे दुर्लक्ष झालें. आणि जेथें रोग थोडा उरला, तेथें पहाराही ढिला पडला. शहरांसाठीं स्वतंत्र योजना निघाली ती १९७१ सालीं.

पहारा ढिला पडणें म्हणजे काय, हें एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका गांवीं एका वर्षीं दहा हजार लोकांचें रक्त तपासलें आणि शंभर रोगी सांपडले. पुढील वर्षीं दोनच हजारांचें तपासलें आणि साठ सांपडले. अहवालांत लिहिलें जाईल, कीं रोगी शंभरांवरून साठांवर आले. वस्तुतः पहिल्या वर्षीं तपासलेल्या शंभरांत एक रोगी होता. दुसऱ्या वर्षीं शंभरांत तीन आहेत. रोग उतरलेला नाहीं. उतरली आहे ती तपासणी. म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमांत निव्वळ रोग्यांची बेरीज पुरेशी मानीत नाहींत. दर हजार लोकसंख्येस वर्षांत किती रोगी, शंभर लोकांत किती जणांचें रक्त तपासलें आणि तपासलेल्यांत किती दूषित निघालें, हे तीन आंकडे एकत्र वाचावे लागतात. ह्यांतील एक झांकून ठेवला, तर उरलेले दोन वाटेल तें बोलतात.

शहरांतून हिंवताप पुन्हां कसा उसळतो, तें मुंबईनें २०१० सालीं अनुभवलें. त्या वर्षीं शहरांत शहात्तर हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि सुमारें दीडशें माणसें दगावलीं. जुन्या गिरण्यांच्या भागांत तेव्हां उंच इमारतींचीं कामें चाललीं होतीं. बांधकामावर साठविलेलें पाणी, तेथेंच झोंपणारे मजूर, त्यांपैकीं कांहीं हिंवतापाच्या प्रदेशांतून आलेले. डांस, जंतु आणि निवारा हे तिन्ही एकाच जागीं मिळाले. वॉर्डवार नोंदी पाहून बांधकामांवर तपासणी, मजुरांच्या रक्ताच्या चाचण्या आणि टांक्यांवरील झांकणें ह्यांवर भर देण्यांत आला. २०१९ सालापर्यंत वर्षाचे रोगी चार-पांच हजारांवर उतरले. पुढें २०२३ सालीं ते पुन्हां सात हजारांवर चढले. म्हणजे हें युद्ध एकदां जिंकून मोकळें होण्याचें नव्हे.

मुंबईच्या ह्या अनुभवाशीं अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ह्यांचें नातें फार जवळचें आहे. तेथेंही नव्या इमारती उठत आहेत, तेथेंही पाणी भरून ठेवावें लागतें, आणि लोहमार्गानें रोज पहाटे असंख्य माणसें मुंबईस जाऊन रात्रीं परततात. आतां असें समजूं या, कीं बदलापूरचा एक तरुण रात्रपाळीस मुंबईच्या एका बांधकामावर पहाऱ्याचें काम करतो. त्याला घरीं ताप भरतो, रक्त दूषित निघतें आणि नोंद होते ती बदलापूरच्या पत्त्यावर. औषध फवारणारे लोक त्याच्या घरीं येतात, पिंप तपासतात, तेथें अळी नाहीं असें लिहून निघून जातात. ॲनॉफिलिस डांस मुख्यतः रात्रीं चावतो; म्हणून ‘राहतां कोठें?’ ह्या प्रश्नाइतकाच ‘गेल्या पंधरवड्यांत रात्रीं कोठें होतां?’ हा प्रश्न महत्त्वाचा. दुसरा प्रश्न विचारलाच नाहीं, तर नकाशावरील खूण चुकीच्या गांवीं पडते. आणि ज्या उघड्या टांकींतून हा रोग आला, ती तशीच उघडी राहते.

स्थळाप्रमाणेंच काळाचाही हिशेब आहे. आज ज्याला ताप आला, त्याला डांस चावला तो साधारणतः दहा-पंधरा दिवसांपूर्वीं. त्या डांसाच्या शरीरांत जंतु पक्व होत होता तो त्याही आधीं दहा दिवस. त्यांत रोग्यानें तपासणीस केलेला विलंब आणि नोंद कार्यालयांत पोंचण्यास लागलेला विलंब मिळविला, तर आजच्या कागदावरील आंकडा सुमारें महिन्यापूर्वींची स्थिति सांगत असतो. आकाशांतील एखादा दूरचा तारा दिसतो तो जुन्या प्रकाशानें. तसेंच हें आहे. आंकडा वाढलेला दिसल्यावर धावपळ करणारा माणूस नेहमींच एक महिना मागें असतो. उलट, पावसाचें मान, हवेची उष्णता आणि मागील वर्षांच्या नोंदी ह्यांवरून येणाऱ्या महिन्यांचा अंदाज बांधतां आला, तर टांक्या आषाढांतच झांकतां येतात. ही कल्पनाही जुनीच आहे. पंजाबांत १९०८ सालीं हिंवतापाची भयंकर सांथ आली. एस. आर. क्रिस्टोफर्स ह्यांनीं तिचा अभ्यास करून १९११ सालीं दाखविलें, कीं अशा सांथींचा पावसाशीं आणि धान्याच्या भावाशीं संबंध आहे. महागाईनें खंगलेल्या लोकांत ताप अधिक बळी घेतो. पुढें १९२० च्या दशकांत कर्नल गिल ह्यांनीं अशा नोंदींच्या आधारें पंजाबांतील सांथींचीं भाकितेंही वर्तविलीं. आज संगणक आणि उपग्रहांनीं टिपलेली माहिती हाताशीं असल्यामुळें तेंच काम अधिक बारकाईनें होऊं शकतें.

तथापि गणिताला एक मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जें नोंदलेंच गेलें नाहीं, तें गणिताला दिसत नाहीं. हिंदुस्थानांत हिंवतापानें दरवर्षीं सुमारें पंधरा हजार माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा एके काळीं अंदाज होता. मृतांच्या घरच्या माणसांना विचारून केलेल्या एका पाहणीचा निष्कर्ष २०१० सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत आला. त्यांत हा आंकडा दोन लक्षांच्या घरांत निघाला. त्यावर तज्ज्ञांत वाद झाला व तो होणें साहजिक होतें. कारण केवळ तापाच्या वर्णनावरून मृत्यूचें कारण ठरविणें कठीण. परंतु दोन अंदाजांत दहापटींहून अधिक अंतर पडावें, ह्यावरून एवढें खास सिद्ध होतें, कीं पुष्कळ माणसें कोणत्याही दप्तरांत नांव न लागतां गेलीं. राष्ट्रीय नोंदींप्रमाणें २०१५ सालीं देशांत सुमारें पावणेबारा लक्ष रोगी होते आणि २०२३ सालीं सव्वादोन लक्षांच्या आसपास. ही उतरण आशादायक आहे, आणि २०३० पर्यंत देशांतून हिंवताप नाहींसा करण्याचें ध्येय सरकारनें ठरविलेलें आहे. पण रोगी जसजसे थोडे होतात, तसतशी प्रत्येक नोंदीची किंमत वाढते. हजारांत दहा सुटले, तर हिशेब फारसा बिघडत नाहीं. वीसांत दहा सुटले, तर हिशेबच उरत नाहीं.

ह्या तीन गांवांपुरतें बोलावयाचें, तर उल्हासनगरची महानगरपालिका निराळी, अंबरनाथची नगरपालिका निराळी आणि कुळगांव-बदलापूरची निराळी. डांसाला मात्र ह्या सीमा ठाऊक नाहींत, आणि गाडींतून प्रवास करणाऱ्या जंतूलाही नाहींत. तिन्ही गांवांच्या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या गेल्या, तरच कोणत्या चाळीभोंवतीं, कोणत्या बांधकामाभोंवतीं ठिपके दाटले आहेत हें उघड होईल. त्या नकाशावरील प्रत्येक ठिपका एखाद्या घरांतून येतो. ताप येतांच घरांत शिल्लक राहिलेली गोळी घेऊन स्वस्थ बसणारा गृहस्थ आपल्या प्रकृतीशीं तर खेळतोच. शिवाय नकाशावरील एक ठिपकाही पुसतो. खाजगी दवाखान्यांतील उपचारांची नोंद सार्वजनिक दप्तरांत गेली नाहीं, तरी तेंच होतें. व्हायव्हॅक्स जातीच्या हिंवतापांत जंतु यकृतांत दडून बसतात आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां ताप आणतात. त्यांच्यासाठीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं चौदा दिवस औषध घ्यावयाचें असतें. ताप तिसऱ्या दिवशीं उतरला म्हणून तें सोडून देणारा रोगी दप्तरांत बरा झालेला असतो, आणि फाल्गुनांत पुन्हां अंथरुणास खिळतो. त्या वेळीं हा ताप नवा कीं जुनाच, हें ठरविणें कठीण होऊन बसतें.

कोणत्याही घरास ह्या कामीं जें करावयाचें आहे, तें फार थोडें आहे. ताप आला तर त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. गेल्या पंधरवड्यांत कोठें गेलों होतों, कोठें झोंपलों होतों, हें खरें सांगावें. दिलेलें औषध पुरें करावें. आठवड्यांतून एक दिवस पिंप रिकामें करून घांसून कोरडें ठेवावें, कारण अळीचा डांस व्हावयास आठवड्याहून थोडाच अधिक काळ लागतो. आणि गच्चीवरील टांकीचें झांकण नीट बसतें कीं नाहीं, तें वर जाऊन स्वतः पाहावें. आरोग्यखात्याचा सेवक दारीं आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवूं नये. त्याच्या हातच्या वहींत त्या दिवशीं त्या घरापुढें जो आंकडा लिहिला जाईल, मग तो शून्य कां असेना, तो खरा असला तरच त्यावर रचलेलें पुढचें सारें गणित खरें ठरतें.